दोन मिरवणुका आणि एक मुका कॅमेरा

हिंगोलीचा दसरा आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना नवा नाही. खाकीबाबांच्या मठाने १८५५ मध्ये त्याची सुरुवात केली असे सांगतात. रावण जळताना पाहायला जी गर्दी लोटते, तीत आमचीही बायकापोरे असतात. मोहर्रममध्ये मराठवाड्यात गावोगावी सवाऱ्या उठतात. कोणी फकिरी घेतो, कोणी अंगावर पट्टे रंगवून वाघ होतो. सवारीला खांदा देणाऱ्यांत हिंदू किती, याची मोजदाद कोणी करीत नाही. कोणता सण कोणाचा, हे पुस्तकात स्पष्ट असते. रस्त्यावर तितकेसे नसते.

ही गोष्ट आज आठवली ती शंभर वर्षांपूर्वीच्या एका मूकपटामुळे.

हिंदुस्थानात मिरवणूक आणि कॅमेरा यांची गाठ लवकर पडली. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९०३ मध्ये कर्झनचा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला. त्या दरबारासाठी हत्तींची मिरवणूक निघाली होती आणि संस्थानिकांचे जुने चिलखत घातलेले स्वारही आणले होते. या दिखाव्याच्या जरा आधी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, निजामाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिला होता. हैदराबाद कंटिन्जंट मोडली आणि १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी उठली. दिल्लीत जुन्या वेशातले स्वार मिरवत होते आणि आमच्या गावातले खरेखुरे स्वार गाशा गुंडाळत होते.

पुढचा दरबार १९११ चा. बादशहा पंचम जॉर्ज २ डिसेंबरला मुंबईत उतरले आणि १२ डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला. त्याच वर्षी गादीवर आलेले मीर उस्मान अली खान तिथे हजर होते. कलकत्त्याची राजधानी दिल्लीला हलवण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा याच दरबारात झाली. पूर्व बंगालच्या मुसलमानांना त्या घोषणेने मोठा धक्का बसला.

त्यानंतर बादशहा कलकत्त्याला गेले. तिथे ५ जानेवारी १९१२ रोजी मैदानावर ऐतिहासिक वेशातला भव्य देखावा झाला. त्याची आखणी इंग्लंडात असे देखावे बसवणाऱ्या फ्रँक लॅसेल्स यांनी केली होती. त्यात दोन मिरवणुका होत्या: मुसलमानांची म्हणून नवरोजची आणि हिंदूंची म्हणून दसऱ्याची. हत्ती आले, नवाबी लवाजमा आला, मयूरभंजचे छाऊ नर्तक आले. चार्ल्स अर्बन यांच्या कंपनीने या साऱ्या दौऱ्याचे किनेमाकलर पद्धतीने रंगीत चित्रण केले. फिल्म काळीपांढरीच असे. ती लाल आणि हिरव्या काचेतून घेत व तशाच काचांतून पडद्यावर टाकत. रंग डोळ्यांत तयार होत. २ फेब्रुवारी १९१२ पासून लंडनच्या स्काला थिएटरात हा खेळ सुरू झाला. तो अडीच तासांचा होता.

आम्हांला इथे थांबावेसे वाटते. मूकपटाला आवाज नसतो. पडद्यावर जी पाटी येते, तीच खरी मानली जाते. ‘मुसलमानांची मिरवणूक’ अशी पाटी आली की लंडनच्या प्रेक्षकाला पटे, हिंदुस्थानात दोन वेगळे लोक दोन वेगळ्या रस्त्यांनी चालतात. खरे पाहता नवरोज हा मूळचा इराणी सण. मोगल दरबारात आणि मुर्शिदाबादेत तो थाटाने साजरा होई. हिंगोलीच्या पिंजाऱ्याला, मोमिनाला त्याचे काय? आमची ओळख नवाबाच्या हत्तीवर बसवून दाखवली गेली, आणि पायी चालणारा मुसलमान चित्राबाहेर राहिला. दसऱ्याच्या गर्दीतला मुसलमान आणि सवारीखालचा हिंदू, हे दोघे तर त्या आखणीत कुठेच बसत नव्हते.

दोष एकट्या इंग्रजांचा नाही. हा साचा पुढे आपणच उचलला. शाळेच्या स्नेहसंमेलनात, प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथात मुसलमान दाखवायचा तर शेरवानी आणि तुर्की टोपी लागते. धोतर-पटका घालणारा आमचा आजा त्यात बसत नाही.

त्या भव्य चित्रपटाचे आज थोडेच तुकडे शिल्लक आहेत. २००० मध्ये रशियातील क्रास्नोगोर्स्कच्या संग्रहात एक रीळ सापडले; ते दिल्लीतील लष्करी संचलनाचे आहे. बादशहाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, शिपायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या सवाऱ्या आणि दसरा आपण टिपतोच. त्यासोबत नावेही लिहून ठेवू या: सवारी कोणी उचलली, ढोल कोणी वाजवला, वाघ कोण झाला, पाणी कोणी पाजले. चित्राखालची पाटी दुसऱ्याने लिहिली की काय होते, ते आपण पाहिले आहे. या वेळी ती आपण लिहू.