शेवटचा शब्द कोणाचा?

आमचे अर्धे आयुष्य सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या फाटकांवर गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण करारनाम्यांच्या कागदांवर झाले. तेथे आम्ही एक धडा शिकलो: तोंडी बोलणे अडचणीच्या वेळी कोणालाच आठवत नाही, कागदावर उतरते तेवढेच टिकते. हाच धडा आज इस्पितळातील खाटेला लावून पाहू.

१९६० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे कूवेनहोवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हृदय थांबले तरी छाती न उघडता, बाहेरून तळहातांनी दाबून रक्त फिरते ठेवता येते. विजेचा झटका बसलेला तरुण कामगार अशा उपायाने घरी परत येऊ शकतो. पण दुर्धर रोगाने जो पार थकला, त्याच्याही छातीवर तोच दाब द्यायचा काय? उपचार कोठे थांबवावेत आणि ते कोणी ठरवावे?

महाराष्ट्रात हा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात उभा राहिला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर, कामाच्याच जागी, एका सफाई कामगाराने अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि तिची जाणीव हरपली. मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. पुढे १९८० नंतरच्या दशकात महापालिकेने तिला केईएमबाहेर हलवू पाहिले, तेव्हाही परिचारिकांनी तो बेत हाणून पाडला. संघटनेचे बळ केवळ पगारवाढीपुरते नसते, हे त्यांच्याकडून शिकावे.

लेखिका पिंकी विराणी यांनी तिचे अन्न थांबविण्याची परवानगी मागितली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. मात्र कडक अटींवर असे उपचार थांबविता येतील, हे मान्य केले. अरुणेच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे दिला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. जवळजवळ बेचाळीस वर्षे सगळे तिच्यासाठी बोलले. तिचा स्वतःचा शब्द मात्र कोणापाशीच नव्हता.

९ मार्च २०१८ च्या निकालाने असा शब्द आधीच लिहून ठेवण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला दिला. प्रथम त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी ही अट शिथिल झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. २०२० साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने छाती दाबून पुनरुज्जीवन न करण्याच्या निर्णयाचीही मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांतील मर्म असे, की एवढा एक उपाय टाळला म्हणून बाकीची शुश्रूषा थांबत नाही. वेदना शमविणे, औषधपाणी, पाठीची निगा हे सारे चालूच राहते.

आमच्या एका सभासदाच्या मुलाला मध्यरात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात विचारले गेले, ‘काय करायचे?’ बापाच्या मनात काय होते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने हो म्हटले. पण ते बरोबर होते की नाही, हा घोर त्याला अजून सुटलेला नाही. मंडळी, सर्व उपचार हवेत असे लिहा, वा अमुक नकोत असे लिहा. पण शुद्ध आहे तोवर घरच्यांशी बोला आणि लिहून ठेवा. आपला शेवटचा करार दुसऱ्याच्या सहीने होऊ देऊ नका.