केशसंस्कार आणि स्वाभिमान

केशरचना हा विषय इतिहासकारांनीं सहसा प्रसाधनाच्या पेटींतच बंद करून ठेविलेला आहे. लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांच्या पंक्तीस रूक्ष केस व त्यांवरील मलम यांस बसविणें कित्येकांस पोरकटपणाचें वाटेल. तथापि ज्या महाराष्ट्रांत विधवांच्या केशवपनावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद माजले, आणि १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं अशा वपनास हात न लावण्याचा निर्धार केला, तेथील वाचकांस तरी केस ही केवळ शोभेची वस्तु नव्हे, हें निराळें सांगावयास नको. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांस गुलामांच्या मुक्ततेबद्दल अर्पण केलें, त्यांच्या देशांत कायद्यानें संपलेलें दास्य माणसांच्या डोक्यावर कसें टिकून राहिलें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम निसर्गाची बाजू. डोक्याच्या त्वचेंतून जें स्निग्ध द्रव्य पाझरतें, तें सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतें. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या मळसूत्रासारख्या वळलेल्या केसांत तें मुळापाशींच अडतें. म्हणून असे केस टोकाकडे कोरडे पडतात, आणि वळणाच्या जागीं ओढ बसून लवकर तुटतात. हा त्यांचा स्वभाव आहे, आणि त्यास अनुरूप शुश्रूषा पश्चिम आफ्रिकेंतील स्त्रियांस पूर्वापार अवगत होती. शी नांवाच्या वृक्षाच्या बियांचें लोणी चोळावें, बारीक वेण्या घालाव्या, आणि हें काम मायलेकींनीं व शेजारणींनीं मिळून तासन्‌तास करावें, अशी तेथील रीत. गुलामांच्या व्यापारानें ती मोडली. पकडलेल्यांचीं डोकीं पुष्कळदां भादरण्यांत येत. मळ्यांवर ना तेल, ना फणी, ना फुरसत. त्यांतूनही जेथें केशभूषेची हौस उरली, तेथें सत्ता आडवी आली. १७८६ सालीं लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो यानें, स्वतंत्र कृष्णवर्णी स्त्रियांनीं केसांवर रुमाल बांधलाच पाहिजे, असा हुकूम काढला.

त्याच लुइझियानांत, डेल्टा या गांवीं, २३ डिसेंबर १८६७ रोजीं सारा ब्रीडलव्ह जन्मली. तिचे आईबाप गुलाम होते. त्यांच्या अपत्यांत स्वतंत्र म्हणून जन्मलेली ती पहिली. सातव्या वर्षीं ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षीं तिचें लग्न झालें, आणि विसाव्या वर्षीं एक मुलगी पदरीं घेऊन ती विधवा झाली. पुढें सेंट लुई शहरीं, जेथें तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करीत, तिनें सुमारें दीड तप लोकांचे कपडे धुऊन पोट भरलें. तेथें तिचे केस झडूं लागले. तिच्यासारख्या स्त्रियांच्या घरांत नळ नाहीं, म्हणून न्हाणें क्वचित्, न्हावयाचें तें तीव्र क्षाराच्या साबणानें, आहार निकृष्ट, परिणामीं डोक्यांत कोंडा व खपल्या. दारिद्र्यानें आणलेल्या या व्याधीस वर्णाचा दोष मानून जग हंसत होतें, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, त्या स्त्रियांसही तें खरें वाटूं लागलें होतें.

ॲनी टर्नबो नांवाची दुसरी कृष्णवर्णी स्त्री त्या काळीं सेंट लुई येथें केशवर्धक मलम विकीत असे. सारा प्रथम तिची विक्रेती झाली. १९०५ सालीं ती डेनव्हरला गेली, आणि दुसऱ्या वर्षीं चार्ल्स जोसेफ वॉकर याशीं विवाह करून 'मॅडम सी. जे. वॉकर' या नांवानें स्वतःचें मलम विकूं लागली. तें आपणांस स्वप्नांत एका आफ्रिकी पुरुषानें सांगितलें, असें ती म्हणे. टर्नबोबाईंच्या मतें तें आपल्याच मलमाचें अनुकरण होतें. त्यांतील मुख्य द्रव्यें गंधक आणि व्हॅसलिनसारखा खनिज स्नेह हीं असून, गंधक हें त्वचारोगावरील जुनेंच औषध आहे. गंधकानें त्वचा सुधारे, स्नेहानें ओलावा टिके; आणि डोकें वरचेवर धुण्याचा तिचा जो आग्रह होता, त्याचें श्रेय मलमाहून कमी नव्हे.

१९१० सालीं ती इंडियानापोलिस येथें आली व तेथें तिनें कारखाना थाटला. ज्या स्त्रियांस स्वयंपाकीण किंवा परटीण होण्यावांचून फारसा मार्ग मोकळा नव्हता, त्यांस ही विद्या शिकवून तिनें स्वतंत्र कमाईची वाट दाखविली. १९१२ सालीं कृष्णवर्णी व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय सभेंत बुकर वॉशिंग्टन यांनीं तिला बोलूं देण्याची टाळाटाळ केली, तेव्हां ती आपण होऊन उठली, आणि कापसाच्या शेतापासून धुण्याच्या टबापर्यंत व तेथून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास तिनें सभेस ऐकविला. १९१७ सालीं फिलाडेल्फिया येथें तिच्या विक्रेत्या स्त्रियांची परिषद भरली. कृष्णवर्णीयांस झुंडीनें ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा, अशी तार त्या परिषदेनें अध्यक्ष विल्सन यांस पाठविली. मलमाच्या डबींतून राजकारण निघालें तें असें.

आतां उलट बाजूही पाहिली पाहिजे. तिच्या पद्धतींत तापविलेली धातूची फणी होती. तेल लावून ती फिरविली म्हणजे केस तात्पुरते सरळ होतात, आणि वारंवार फिरविल्यास जळून तुटतात. आपण केस सरळ करण्याचा दावा करीत नाहीं, आपल्या लोकांनीं केसांकडे नीट लक्ष द्यावें एवढेंच आपलें म्हणणें, असा खुलासा ती करी. पण गिऱ्हाइकांच्या मनांत काय आहे हें तिला कळत नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं. २५ मे १९१९ रोजीं ती वारली. त्यानंतर तिच्याच कंपनीनें कातडी उजळविणारें मलम बाजारांत आणलें. पुढें केस कायमचे सरळ करणारीं जीं रसायनें पसरलीं, त्यांतील पुष्कळांत दाहक सोडा असे. ज्या क्षारानें परटिणीचे केस झडले, तोच तिच्या नातींनीं पैसे देऊन डोक्यास लाविला, यापरता दैवदुर्विलास कोणता! २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ३३,००० हून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या पाहणींत, केस सरळ करणारीं द्रव्यें वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचें प्रमाण दुपटीहून अधिक आढळलें. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. पण सावध होण्यास तें पुरेसें आहे.

तर मग मॅडम वॉकर ही मुक्तिदात्री कीं लाजेवर जगणारी व्यापारीण? आमच्या मतें तिच्या एकाच डबींत दोन वस्तु होत्या. एक शुश्रूषा, ती खरी होती, आणि तिनें हजारो स्त्रियांस आरोग्य व मिळकत दिली. दुसरी शरम, ती तिनें निर्माण केली नाहीं, परंतु तिच्याशीं तडजोड करूनच तिचा व्यापार वाढला. केस आहेत तसेच चांगले, असें उघडपणें म्हणण्याचें धैर्य १९६० नंतरच्या तरुण पिढीनें दाखविलें. आणि नैसर्गिक केसांवरून शाळेंत वा नोकरींत भेदभाव करूं नये, असा कायदा कॅलिफोर्नियानें प्रथम केला तो २०१९ सालीं. अमेरिकेच्या घटनेनें दास्य रद्द केलें १८६५ सालीं. मनुष्य स्वतंत्र झाल्यावर त्याचे केस स्वतंत्र होण्यास आणखी १५४ वर्षें लागलीं. केशवपनाचा इतिहास ज्यांच्या घरांत घडला, त्या आम्हांस हा हिशेब परका वाटूं नये.