कॅनिंग स्टॉक रूटवरील मोटारप्रवास

कॅनिंग स्टॉक रूट हा ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याच्या वाळवंटी अंतर्भागातून जाणारा कच्चा मार्ग आहे. दक्षिणेकडील विलुना आणि उत्तरेकडील हॉल्स क्रीक या दोन गावांना तो जोडतो. त्याची लांबी सुमारे १,८५० किलोमीटर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गुरे हाकून नेण्यासाठी तो आखला गेला. आज फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांतून, मुक्कामाचे सर्व साहित्य बरोबर घेऊन प्रवास करणारे लोक त्याचा वापर करतात. संपूर्ण मार्ग पार करण्यास साधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात. वाटेत डांबरी रस्ता, गाव किंवा दुरुस्तीची सोय जवळजवळ नसल्यामुळे या प्रवासाचे यश बरेचसे निघण्यापूर्वी केलेल्या नियोजनावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

किंबर्ली प्रदेशाच्या पूर्व भागातील गुरांना गोचिडांचा प्रादुर्भाव असल्याने ती समुद्रमार्गे दक्षिणेच्या बाजारात नेण्यावर निर्बंध होते. कोरड्या वाळवंटातून चालत नेल्यास गोचीड वाटेतच मरतील, या अपेक्षेने अंतर्भागातून मार्ग काढण्याची कल्पना पुढे आली. सरकारी सर्वेक्षक अल्फ्रेड कॅनिंग यांनी १९०६-०७ मध्ये उंटांच्या तांड्यासह या प्रदेशाची पाहणी केली. त्यानंतर १९०८ ते १९१० या काळात विहिरी खोदण्यात आल्या. पाण्याची एकूण ५१ ठिकाणे तयार झाली व त्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमांक देण्यात आले. दोन ठिकाणांमधील अंतर गुरांच्या साधारण एका दिवसाच्या चालीएवढे असावे, असा प्रयत्न होता. आजही या मार्गावरील कोणतेही स्थान विहिरीच्या क्रमांकानेच सांगितले जाते.

हे पाणी कॅनिंग यांनी शोधून काढले असे म्हणणे अपुरे ठरते. वाळवंटातील मूळ रहिवाशांना पाण्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या आणि अनेक विहिरी त्याच जागांवर खोदल्या गेल्या. पाणी दाखवण्यासाठी पकडलेल्या मूळ रहिवाशांना कॅनिंग यांच्या तुकडीने साखळदंडांनी बांधून ठेवले होते. तुकडीतील स्वयंपाक्याने याविरुद्ध तक्रार केल्यावर १९०८ मध्ये शाही आयोग नेमण्यात आला. आयोगाने कॅनिंग यांना दोषमुक्त केले.

वालमाजारी भाषेत कधीही न आटणाऱ्या पाण्याला ‘जिला’ म्हणतात. मराठीतील ‘जिवंत झरा’ ही कल्पना तिच्या जवळची आहे. काही काळच टिकणाऱ्या पाण्याला ‘जुमू’ हा वेगळा शब्द आहे. जिला हे केवळ पाण्याचे ठिकाण नसून पूर्वजांचे व पर्जन्याशी संबंधित शक्तींचे निवासस्थान मानले जाते. अशा जागी लाकडी चौकट बसवून रहाट व पोहरा लावल्यावर तेथील लोकांना पाणी काढणे अवघड झाले, आणि विहिरींची मोडतोड होण्यामागे हेही एक कारण होते. १९११ मध्ये गुरे घेऊन निघालेल्या पहिल्या तुकडीतील माणसे ३७ व्या विहिरीजवळ मारली गेली. त्यानंतर पाठवलेल्या पोलीस तुकडीने मूळ रहिवाशांची हत्या केली. पुढील वीस वर्षांत मार्गाचा वापर अगदी तुरळक राहिला. १९२९ मध्ये विहिरींच्या दुरुस्तीचे काम विल्यम स्नेल यांच्याकडे सोपवण्यात आले. स्थानिकांना पाण्यापर्यंत उतरता यावे म्हणून त्यांनी विहिरींना शिड्या बसवल्या. गुरांचा शेवटचा कळप १९५० च्या दशकाच्या अखेरीस या वाटेने गेला. १९६८ मध्ये सर्वेक्षकांच्या एका गटाने संपूर्ण मार्ग प्रथमच मोटारीने पार केला.

भूप्रदेश आणि हंगाम

मार्ग लिटल सँडी, गिब्सन आणि ग्रेट सँडी या वाळवंटांतून जातो व उत्तर टोकाला टनामी वाळवंटाच्या कडेला लागतो. वाळूच्या लांबच लांब टेकड्या मार्गाला आडव्या पसरल्या असून त्यांची संख्या सुमारे ९०० ते १,००० सांगितली जाते. काहींची उंची १५ मीटरहून अधिक आहे. टेकड्यांमधील सपाट पट्ट्यांत स्पिनिफेक्स नावाचे टोकदार गवत वाढते. वाटेवर कुम्पुपिन्टिल हे विशाल खारे सरोवर आहे. गोड्या पाण्याच्या आशेने येथवर आलेल्या फ्रँक हॅन यांनी १८९७ मध्ये त्याला ‘लेक डिसअपॉइंटमेंट’ असे नाव दिले होते. २०२० मध्ये मूळ नाव अधिकृतपणे पुन्हा स्वीकारण्यात आले.

प्रवासाचा योग्य काळ मे ते सप्टेंबर हा आहे. तेथे त्या वेळी हिवाळा असतो. दिवसा हवा सुखद असली तरी रात्री तापमान शून्याजवळ उतरू शकते, त्यामुळे केवळ वाळवंट म्हणून पातळ अंथरूण-पांघरूण नेणे चुकीचे ठरते. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि चक्रीवादळांच्या पावसाने सरोवरांच्या आसपासचा भाग पाण्याखाली जातो. अशा पुरानंतर मार्गाचे काही टप्पे दीर्घकाळ बंद ठेवावे लागतात. म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी आणि पुन्हा निघण्यापूर्वी मार्गाच्या सद्यस्थितीची चौकशी आवश्यक असते.

परवाने

मार्गाचा मोठा भाग मूळ रहिवाशांचा पारंपरिक हक्क मान्य झालेल्या भूमीतून जातो. मार्तू लोकांचा विस्तीर्ण प्रदेशावरील हक्क २००२ मध्ये न्यायालयाने मान्य केला. वाहनांना या मार्गावर प्रवेश करण्यासाठी आगाऊ परवाना घ्यावा लागतो. तो प्रामुख्याने मुख्य वाट व ठरावीक मुक्कामाच्या जागांपुरता असतो. वाटेपासून दूर असलेले डोंगर, घळी किंवा चित्रित गुहा पाहण्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि काही जागा बाहेरच्यांना पूर्णपणे बंद आहेत. नकाशावर फाटा दिसतो म्हणून तेथे जाता येतेच, असे नाही.

इंधन, पाणी आणि वजन

नियोजनातील सर्वांत कठीण भाग म्हणजे इंधनाचा हिशेब. दक्षिणेकडून निघाल्यास विलुनानंतर इंधन मिळण्याचे खात्रीचे ठिकाण ३३ व्या विहिरीजवळील कुनावारिट्जी ही वस्ती आहे. हे अंतर सुमारे १,००० किलोमीटर भरते. तेथून उत्तरेकडील बिलिलुना वस्ती आणखी सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. २३ व्या विहिरीजवळ आगाऊ मागणीनुसार २०० लिटरचे पिंप आणून ठेवण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. त्यासाठी बरेच आधी पैसे भरून व्यवस्था करावी लागते. वस्तीतील दुकाने ठरावीक वेळेतच उघडी असतात, हेही वेळापत्रक आखताना लक्षात घ्यावे लागते.

मऊ वाळूत गाडी हमरस्त्यापेक्षा बरेच अधिक इंधन जाळते. शंभर किलोमीटरला २० लिटर असा दर धरला, तर १,००० किलोमीटरला २०० लिटर डिझेल लागते. राखीव साठा वेगळा. या २०० लिटरचे वजन सुमारे १७० किलो होते. पाण्यासाठी प्रतिमाणशी दररोज पिण्याचे पाच व स्वयंपाक-स्वच्छतेचे दोन लिटर धरल्यास दोघांना दहा दिवसांसाठी १४० लिटर, म्हणजे १४० किलो पाणी न्यावे लागते. अन्न, तंबू, अवजारे, दोन जादा टायर आणि खुद्द प्रवासी हे वजन त्यावर येते. अशा गाड्यांची भारवहनक्षमता साधारण ६०० ते ८०० किलो असल्याने एकेक वस्तू विचारपूर्वक निवडावी लागते. पन्हाळी पत्र्यासारख्या झालेल्या वाटेवर जादा भारामुळे स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टपावरचे कॅरियर तुटण्याचे प्रकार घडतात. जड ट्रेलर जोडल्यास ही अडचण सुटण्याऐवजी वाढते, आणि इतर प्रवाशांसाठी टेकड्यांवरील वाटही उखडली जाते.

विहिरी ५१ असल्या तरी त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. बऱ्याचशा ढासळल्या किंवा कोरड्या पडल्या आहेत, तर काहींचे पाणी खारे अथवा मेलेल्या प्राण्यांमुळे दूषित असते. ६, २६, ४६ आणि ४९ क्रमांकांच्या विहिरी दुरुस्त झाल्या असून त्यांचे पाणी सामान्यतः वापरता येते. तरीही ते उकळून किंवा गाळून घेतले जाते. एकाच मोठ्या टाकीऐवजी दोन-तीन भांड्यांत पाणी विभागणे शहाणपणाचे असते, कारण टाकी फुटल्यास सगळा साठा एकदम जातो.

वाहन चालवणे

वाळूवर टायरमधील हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात. त्यामुळे टायर पसरतो, वाळूत कमी रुततो आणि टेकडी चढताना फार वेग घ्यावा लागत नाही. हवा पुन्हा भरण्यासाठी कॉम्प्रेसर लागतो. टेकडीच्या माथ्यावर समोरून येणारी गाडी दिसत नाही. म्हणून गाडीच्या टपाहून बराच उंच असा रंगीत झेंडा लावणे आणि रेडिओवर आपले स्थान सांगत राहणे आवश्यक मानले जाते. स्पिनिफेक्सचे वाळलेले बी व काड्या गाडीखाली एक्झॉस्टजवळ साचून पेट घेतात. दिवसातून अनेकदा खाली वाकून त्या काढाव्या लागतात; पेट्रोलच्या गाड्यांत हा धोका अधिक असतो. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या करारात या मार्गाला मनाई असते.

मुक्काम

डर्बा स्प्रिंग्ज हे मुक्कामाचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण आहे. लाल कड्यांच्या घळीत पाणी, गवत आणि उंच झाडे असल्याने प्रवासी येथे एखादा दिवस विश्रांतीसाठी राखून ठेवतात. पाणवठ्याला अगदी लागून तंबू ठोकल्यास वन्य प्राणी पाण्यावर येत नाहीत, म्हणून अंतर राखले जाते. पाण्यात साबण वापरत नाहीत आणि कचरा पुरण्याऐवजी परत नेतात.

बिघाड आणि मदत

संपूर्ण मार्गावर मोबाइलवर विसंबून राहता येत नाही. सॅटेलाइट फोन किंवा एचएफ रेडिओ, तसेच आपत्कालीन संकेत पाठवणारा बीकन सोबत ठेवतात. किमान दोन गाड्यांनी एकत्र जावे व परतण्याची अपेक्षित तारीख घरच्या कोणाला तरी कळवावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. गंभीर आजारात रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचे विमान जवळच्या धावपट्टीवर उतरू शकते. रुग्णाला तेथवर नेण्याचे काम मात्र अनेकदा सोबत्यांवर येते. बंद पडलेली गाडी ओढून आणण्याचा खर्च कधीकधी तिच्या किमतीशी स्पर्धा करतो, आणि दुरुस्त न होणाऱ्या काही गाड्या तेथेच सोडल्या गेल्या आहेत.

गाडी बंद पडल्यास तिला सोडून पायी न जाणे हा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील सर्वमान्य नियम आहे. आकाशातून शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी फार लवकर दिसते, शिवाय सावली आणि उरलेले पाणी तिच्यापाशीच असते.