वेसकर, गारदी आणि सैनिक

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. वरून उड्डाणपूल गेला आहे, पण खालची कोंडी काही सुटलेली नाही. कॉलेजला जाताना मी रोज या कोंडीत उभा असतो. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी कुणा पुढाऱ्याचा ताफा तेथून गेला. दुसऱ्या गाडीचे दार अर्धे उघडे होते. त्यातून अर्धा बाहेर लोंबकळत एक तरुण रिक्षावाल्यांना ओरडून बाजूला सारीत होता. तो माझा विद्यार्थी होता. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षानंतर तो वर्गात दिसलाच नव्हता.

चार दिवसांनी तो त्याच चौकात चहाच्या टपरीवर भेटला. मी विचारले, "परीक्षेचा फॉर्म भरलास का रे?" तो हसला. म्हणाला, "सर, साहेबांच्या मागे कोण थांबणार मग? मी असल्याशिवाय साहेब गाडीतून उतरत नाहीत."

त्याच्या बोलण्यात अभिमान होता. त्या अभिमानाला हसण्याचा अधिकार मला नाही. माझे वडील बावीस वर्षे एका गोदामाच्या फाटकावर रखवालदार होते. हातात काठी, गळ्यात शिट्टी, थंडीत अंगावर घोंगडी. आपल्या पहाऱ्यात एकदाही चोरी झाली नाही, हे ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. गोदामात काय भरले आहे हे मात्र त्यांना कधी कुणी सांगितले नाही. दुसऱ्याचे राखण्याचा अभिमान आपल्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. म्हणूनच त्याचा इतिहास एकदा नीट तपासला पाहिजे. राखणारा आणि ज्याला राखायचे तो, या दोघांत नाते कोणते असते? आणि त्या नात्यात राखणाऱ्याचे पुढे काय होते?

आपल्या इतिहासातला पहिला रखवालदार म्हणजे वेसकर. गावाच्या वेशीवर महाराने उभे राहायचे, आल्यागेल्याची खबर ठेवायची, सरकारी खजिना पुढच्या गावापर्यंत पोचवायचा, रात्री जागायचे. ज्या गावाचे रक्षण करायचे त्या गावात त्याला घर नव्हते, पाणवठा नव्हता, देऊळ नव्हते. गाव विश्वासाने त्याच्या भरवशावर झोपे आणि सकाळी त्याची सावली टाळी. मोबदला काय, तर घरोघरची शिळी भाकर आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. या वतनाला इंग्रजांनी १८७४ च्या कायद्यात बसविले. त्यात सुधारणा व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतन अखेर रद्द झाले ते १९५८ च्या कायद्याने. वेसकराला कुणी विचारले नव्हते की तुला हे गाव राखायचे आहे का. जन्माने दिलेले काम होते ते. सोडायची सोय नव्हती आणि सोडून जायला जागाही नव्हती.

राजाच्या रक्षकांची कथा थोडी वेगळी आहे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडविला. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण मराठी मुलुखात पोराबाळांच्या तोंडी आहे. पुढच्याच वर्षी, १६६० मध्ये, पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसला आणि मारला गेला. दोघेही नाभिक समाजातले. राजाच्या अंगाला हात लावण्याचा मान ज्यांच्याकडे धंद्याने आला होता, त्यांनीच राजासाठी अंग पुढे केले. येथे वेसकरापेक्षा काहीतरी अधिक आहे. येथे प्रेम आहे, राजावर विश्वास आहे. पण त्यांच्या आयुष्यातला एकच दिवस इतिहासाने जपला आहे. त्याच्या आधीचा आणि नंतरचा माणूस आपल्याला दिसत नाही. जिवाच्या वाट्याला एक म्हण आली, शिवाच्या वाट्याला एक समाधी.

आणि केवळ पगारावर उभा असलेला रक्षक कसा असतो, हे पुण्याने ३० ऑगस्ट १७७३ रोजी पाहिले. शनिवारवाड्याच्या पहाऱ्यावरचे गारदी थकलेल्या पगाराचा दंगा करीत आत शिरले आणि त्यांनी नारायणराव पेशव्याला कापून काढले. धन्याचे आणि त्यांचे नाते पैशाचे होते. दुसऱ्याने अधिक पैसा दाखविला, तेव्हा तलवार फिरली. यात नवल काय? ज्याला आपण काय राखतो आहोत हे ठाऊक नाही, त्याला कुणीही विकत घेऊ शकतो.

या तीन नात्यांच्या पुढचे चौथे नाते आपल्याला प्रथम दिसते ते जोतीराव फुल्यांच्या घरात. ज्या लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीरावांनी दांडपट्टा आणि निशाणबाजीचे धडे घेतले, त्या तालमीतली माणसे पुढे जोतीरावांच्या शाळांच्या पाठीशी उभी राहिली, हे आपण जाणतोच. पण १८५६ सालचा प्रसंग त्याहून बोलका आहे. जोतीरावांना ठार मारण्यासाठी दोघांना सुपारी देऊन पाठविण्यात आले. एक रोडे आणि दुसरा धोंडिराम नामदेव कुंभार. मध्यरात्री ते घरात शिरले. जोतीराव जागे झाले. चरित्रकार सांगतात ते असे, की आपल्याला मारून यांना प्रत्येकी हजार रुपये मिळणार आहेत हे कळल्यावर जोतीरावांनी मान पुढे केली. माझे आयुष्य तुमच्यासारख्या गरिबांसाठीच आहे, माझ्या मरणाने तुमचे भले होत असेल तर तसे करा, अशा आशयाचे ते बोलले. दोघांच्या हातातली शस्त्रे गळली. पुढे रोडे जोतीरावांचा अंगरक्षक झाला. धोंडिराम रात्रशाळेत शिकला, पंडित धोंडिराम म्हणून सत्यशोधक समाजात नावाला आला आणि त्याने 'वेदाचार' हे पुस्तक लिहिले.

ही कथा आपण बहुधा जोतीरावांच्या मनाचा मोठेपणा सांगण्यासाठी सांगतो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. पैशासाठी शस्त्र उचलणारे ते दोघे गारद्यांच्याच जातकुळीचे होते. जोतीरावांनी त्यांना क्षमा केली एवढ्यावर काम भागले नसते. क्षमा केलेला मारेकरी उद्या दुसऱ्याची सुपारी घेऊ शकतो. जोतीरावांनी त्यांतल्या एकाच्या हाती पाटी दिली. ज्याच्या जिवावर उठलो त्याच्याच शाळेत जाऊन बसणे, हे धोंडिरामाला सोपे गेले नसेल. पण त्यातून जो माणूस घडला त्याला विकत घेणे आता कुणालाही शक्य नव्हते. रोडे मात्र आपल्यासाठी आडनावापुरताच उरला. एकाच रात्री एकाच घरात शिरलेले दोघे. एक पुस्तकाचा लेखक होतो, दुसऱ्याचे पूर्ण नावही सहज सापडत नाही. पहारा इमानाने केला म्हणून माणूस इतिहासात येत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. अक्षर त्याला आणते.

आता महाडकडे वळू. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली. लाठ्या घेतलेल्या जमावाने मंडपात जेवत असलेल्या, गावाकडे परतत असलेल्या आपल्या माणसांना झोडपले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेब बंगल्यावर उतरले होते. तेथे जमलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले लोक होते. शस्त्र कसे धरावे हे त्यांना शिकवावे लागणार नव्हते. रक्तबंबाळ झालेले भाऊबंद समोर दिसत होते. एका शब्दाची वाट होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी शिस्त पाळायला सांगितले. पुढे कोर्टात खटला उभा राहिला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या.

त्या संध्याकाळी कुणी कुणाचे रक्षण केले? माणसे बाबासाहेबांच्या भोवती कडे करून उभी होती हे खरे. पण ते कडे तुटून गावावर धावले असते, तर दुसऱ्या दिवशी तुरुंगात कोण गेले असते आणि कोकणातल्या आडगावी एकेकट्या पडलेल्या घरांवर सूड कुणी उगवला असता? हा हिशेब बाबासाहेबांनी केला. स्वतःच्या जिवापेक्षा आपल्या भोवतीच्या माणसांचा उद्या त्यांना अधिक मोलाचा वाटला. त्याच संघर्षाच्या सुमारास समता सैनिक दल आकाराला आले. 'सैनिक' हा शब्द येथे लक्षात घ्या. वेसकर जन्माने होतो आणि गारदी पगाराने. सैनिक होण्यासाठी आधी स्वतःच्या मनाशी निर्णय घ्यावा लागतो, आणि नंतर शिस्त.

या शिस्तीची कसोटी आपल्या नाशिकने घेतली. द्वारकेपासून पंचवटी फार दूर नाही. रामकुंडावरून पुढे गेले की काळारामाचे देऊळ. २ मार्च १९३० रोजी तेथे हजारोंची मिरवणूक गेली, तेव्हा दरवाजे बंद होते. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते आपल्या दिंडोरी तालुक्यातले भाऊराव कृष्णाजी, म्हणजे दादासाहेब गायकवाड. ३ मार्चला पहिली तुकडी बसली. १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया, देवळाच्या चारही दरवाजांवर.

चारही दरवाजांवर! आपल्या आजा-पणजांना दारावर उभे राहणे नवे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ते वेशीच्या दारावर उभेच होते, आतल्यांची झोप राखण्यासाठी. १९३० साली तीच माणसे पुन्हा दारावर आली, पण या वेळी आतले राखण्यासाठी आली नव्हती, आत जाण्याचा आपला हक्क सांगण्यासाठी आली होती. देवळाच्या रक्षणाला आता पोलीस होते. वेसकराची काठी खाली ठेवून माणूस दारावर बसतो, तेव्हा गावगाड्याचा कणा मोडतो. सनातन्यांचा राग त्यासाठी होता. रामाच्या मूर्तीचे निमित्त होते.

९ एप्रिलला रामाच्या रथयात्रेचा दिवस आला. रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा असे ठरले होते. आपली माणसे पोचतात तोच दुसऱ्यांनी रथ पळविला आणि दगडांचा मारा सुरू झाला. कद्रेकर नावाचा भंडारी समाजातला तरुण पोलिसांचे कडे फोडून रथामागे धावला आणि रक्ताच्या थारोळ्यात पडला. बाबासाहेबांना त्यांच्या माणसांनी मध्ये घेतले, डोक्यावर छत्री धरली. तरी त्यांना दगड लागलेच. राजाच्या डोक्यावर छत्र धरणाऱ्यांची चित्रे आपण पाहिली आहेत. ती छत्री त्या जातीची नव्हती. ती धरणारा आणि तिच्याखालचा, दोघेही एकाच दगडाचे धनी होते.

तरीही एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पंचवटीत कडे होते, छत्री होती. खेड्यापाड्यांत काय होते? सत्याग्रहाचा सूड तेथे उगवला गेला. वाटा बंद झाल्या, दुकाने बंद झाली, पोरे शाळेबाहेर काढली गेली. नेत्याभोवती कडे करणारे हात पुष्कळ असतात. त्या हातांच्या घरादाराभोवती कडे कोण करणार? हा प्रश्न ज्या नेत्याला रात्री झोपू देत नाही, तोच नेता. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून हा सत्याग्रह आता थांबवावा असे सुचविले. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हे आरंभिले नव्हते, त्यांच्यात जाग यावी म्हणून आरंभिले होते, ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा रोख होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

त्या पत्राचा अर्थ मी असा लावतो: दारावरून उठा. किती पुढाऱ्यांनी आपल्या माणसांना हे सांगितले आहे? माणसे दारावर बसलेली असणे पुढाऱ्याच्या सोयीचे असते. त्यावर त्याची प्रतिष्ठा मोजली जाते. जोतीरावांनी मारेकऱ्याला शाळेत बसविले. बाबासाहेबांनी महाडला उगारलेला हात थांबविला आणि नाशिकला दारावरून उठविले. तिन्ही वेळी नेत्याने स्वतःच्या रक्षणापेक्षा रक्षकाच्या आयुष्याचा विचार आधी केला. पुढारी कसा आहे हे त्याच्या भाषणावरून ठरवू नये. त्याच्या पाठीमागे दहा वर्षे उभा राहिलेला माणूस दहा वर्षांनी कोण झाला, ते पाहावे.

आता पुन्हा द्वारकेच्या चौकात येतो. माझा विद्यार्थी दिवसाला काही रुपये, जेवण आणि काळा गॉगल यांवर उभा आहे. निवडणूक संपली की त्यातले काय उरेल ते त्यालाही माहीत नाही. गाडीच्या काचेआड काय ठरते, हे त्याला कुणी सांगत नाही. माझ्या वडिलांना गोदामात काय आहे हे कुणी सांगितले नव्हते, तसेच. पण त्याला एकट्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. तो वर्गातून गेला तेव्हा मी हजेरीपटावर आडवी रेघ मारली आणि पुढचे नाव पुकारले. त्याच्या घरी गेलो नाही. ज्याला आपण राखायचे होते त्याला आपण राखले नाही आणि मग तो दुसऱ्याची राखण करायला गेला, तर तक्रार कुणी करायची? शिक्षक म्हणून माझ्या पाठीशी उभे राहणारे कुणी होते, म्हणून मी येथवर आलो. वडील पहाऱ्यावर जाताना कंदिलातले तेल माझ्यासाठी राखून ठेवीत आणि स्वतः अंधारात फाटकावर बसत.

त्या दिवशी टपरीवर मी त्याला एवढेच विचारले, "तुझ्या साहेबांनी तुला कधी म्हटले आहे का, की आज येऊ नको, परीक्षा आहे तुझी?"

तो काही बोलला नाही. मोबाईल वाजला तसा गॉगल लावून तो उठला. परीक्षेचा फॉर्म अजून माझ्या पिशवीत आहे. शेवटची तारीख जायला चार दिवस आहेत. या वेळी मी त्याच्या घरी जाणार आहे.