मश्तोत्सच्या खात्यावरच्या तीन लिप्या

इसवी सन ४४० मध्ये मेस्रोप मश्तोत्स वारला आणि थोड्याच वर्षांत त्याचा शिष्य कोर्युन याने गुरूचे चरित्र लिहिले. आर्मेनियन भाषेत मुळातून लिहिल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात गुरूच्या खात्यावर एक नव्हे, तीन लिप्या जमा आहेत: आर्मेनियन, जॉर्जियन आणि कॉकेशसमधल्या अल्बेनियाची. या अल्बेनियाचा बाल्कनमधल्या आजच्या अल्बेनियाशी काही संबंध नाही. तो प्रदेश मुख्यतः आजच्या अझरबैजानमध्ये येतो. आर्मेनियात हा दावा अभिमानाने सांगितला जातो. जॉर्जियात तोच बोलून दाखवला, तर समोरच्याच्या कपाळावर आठ्या पडतात.

भांडण जुने आहे, आणि ते मिटवायला कोर्युनचे पुस्तक एकटे पुरत नाही.

चौथ्या शतकात आर्मेनिया आणि आयबेरिया, म्हणजे पूर्व जॉर्जिया, या शेजारच्या राज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आर्मेनियाचे साल परंपरेने ३०१ धरतात. आयबेरियाने त्यानंतर काही दशकांनी तीच वाट धरली. धर्म आला, पण त्याचे ग्रंथ आले ते ग्रीक आणि सिरियाक भाषांत. ज्याला त्या भाषा येत त्याला प्रार्थना कळे, बाकीचे नुसते ऐकत. त्यात ३८७ च्या सुमारास रोम आणि सासानी इराण यांनी आर्मेनिया आपसांत वाटून घेतला. राज्य दुभंगल्यावर लोकांना बांधून ठेवायला भाषा आणि चर्च एवढेच हाताशी उरले.

मश्तोत्स मुळात राजदरबारातला कारकून. नोकरी सोडून तो संन्यासी झाला, धर्मप्रचाराला खेडोपाडी फिरला आणि लोकांना त्यांच्या भाषेतले पुस्तक दाखवता येत नाही ही अडचण त्याला रोज भेटू लागली. धर्मगुरू साहाक आणि राजा व्रामशापुह यांनाही हाच प्रश्न पडला होता. आधी दानिएल नावाच्या सिरियन बिशपाकडची तयार अक्षरे आणवली गेली, मुलांना शिकवूनही पाहिली. पण आर्मेनियन भाषेचे सगळे उच्चार त्यांत मावेनात. मग शिष्यांना घेऊन मश्तोत्स एदेसा, समोसाता या शहरांकडे निघाला. ४०५ च्या सुमारास ३६ अक्षरे ठरली. समोसातात रुफिनस या ग्रीक सुलेखनकाराने त्यांची वळणे घोटून दिली आणि भाषांतराची सुरुवात बायबलमधल्या नीतिसूत्रांपासून झाली.

पुढे मश्तोत्स आयबेरियात गेला, तिथल्या भाषेसाठीही अक्षरे तयार केली आणि राजा बाकुर व बिशप मोझेस यांनी त्याला साथ दिली, असे कोर्युन सांगतो. या कामात जाघाय नावाचा स्थानिक दुभाषा मश्तोत्सच्या मदतीला होता, हेही तो नोंदवतो.

आता या दोन लिप्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. ‘चार चाके’ म्हणताना मराठी माणसाच्या तोंडून दोन वेगळे ‘च’ निघतात, पण देवनागरीत दोघांना मिळून एकच अक्षर आहे. आर्मेनियन आणि जॉर्जियन या भाषांचे मूळ वेगळे: पहिली इंडो-युरोपीय कुळातली, दुसरीचे कूळ कॉकेशसमधलेच. तरी दोघींत हे दोन्ही ‘च’ आहेत, त्यांचे श्वास सोडून आणि श्वास आखडून असे प्रत्येकी दोन प्रकार आहेत, शिवाय दोन ‘ज’. म्हणजे एकूण सहा ध्वनी, आणि दोन्ही लिप्यांनी या सहांना सहा स्वतंत्र अक्षरे दिली. ग्रीक लिपीत यांतल्या एकासाठीही अक्षर नव्हते.

ही सहा अक्षरे बसवायची कुठे? जॉर्जियन लिपीने ग्रीक वर्णमालेचा क्रम जसाच्या तसा ठेवला आणि तो संपल्यावर शेपटाला स्वतःची जास्तीची अक्षरे जोडली. सहाही तिथेच सापडतात. आर्मेनियन लिपीने मात्र ती वर्णमालेत ठिकठिकाणी पेरली. याचा परिणाम आकड्यांत दिसतो, कारण त्या काळी अक्षरेच आकडे म्हणून वापरत. ग्रीकमध्ये ‘क’ म्हणजे २०, ‘म’ म्हणजे ४० आणि ‘स’ म्हणजे २००. जॉर्जियनमध्येही हिशेब अगदी हाच. आर्मेनियनमध्ये मधे मधे नवी अक्षरे शिरल्यामुळे ‘क’ ६० वर गेला, ‘म’ २०० वर आणि ‘स’ थेट २००० वर.

एकाच माणसाने थोड्या वर्षांच्या अंतराने दोन्ही लिप्या घडवल्या असतील, तर त्याने दोन ठिकाणी दोन उलट पद्धती का वापरल्या? कोर्युनची बाजू घेणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. जॉर्जियन मांडणी जाघायची असेल, असे म्हणायला जागा राहते. पण मग श्रेयही वाटून द्यावे लागते.

तरीही दोन्ही लिप्या एकाच शाळेत शिकल्या, ही खूण लपत नाही. ग्रीकमध्ये ‘उ’ हा स्वर लिहायला एक अक्षर पुरत नाही, दोन जोडावी लागतात. मुळाक्षरे नव्याने आखणाऱ्याला ही कसरत करायचे काहीच कारण नव्हते. पण आर्मेनियनमध्ये ‘उ’ दोन अक्षरांनी लिहितात, आणि जुन्या जॉर्जियनमध्येही तसाच लिहीत. दोघींनी ग्रीकची अडचणही उचलली.

जॉर्जियन परंपरा वेगळेच सांगते. अकराव्या शतकातला इतिहासकार लेओंती म्रोवेली लिपीचे श्रेय इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या फारनवाझ राजाला देतो. विसाव्या शतकात इव्हाने जावाखिश्विली यांनीही लिपीचे मूळ ख्रिस्तपूर्व काळात, सेमिटिक लिप्यांत शोधले आणि कोर्युनच्या पुस्तकातला जॉर्जियाचा मजकूर मागाहून घुसडलेला असावा, असा संशय घेतला. पुढे तमाझ गमक्रेलिद्झे या जॉर्जियन भाषाशास्त्रज्ञानेच लिपीचा नमुना ग्रीक आणि जन्म ख्रिस्ती धर्म आल्यानंतरचा असे मांडले. दगडही त्यांच्याच बाजूने बोलतात. बेथलेहेमजवळ बीर एल-कुत्त येथे १९५०च्या दशकात उत्खनन झाले. तिथल्या मठाच्या फरशीवरच्या रंगीत खड्यांत जॉर्जियन लेख सापडले. त्यांतले सर्वांत जुने ४३० च्या आसपासचे मानले जातात. बोल्निसीच्या चर्चवरचा लेख ४९४ च्या सुमाराचा. नेक्रेसी येथल्या लेखांना त्यांच्या उत्खननकर्त्याने पहिल्या ते तिसऱ्या शतकात नेऊन ठेवले खरे, पण ती कालगणना फारशी कोणी मान्य केलेली नाही.

या दोन समाजांत तेव्हा किती जवळीक होती, ते एका बाईच्या कथेत दिसते. जॉर्जियन भाषेतले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने साहित्य म्हणजे पाचव्या शतकात याकोब त्सुर्तावेलीने लिहिलेली शुशानिकची हौतात्म्यकथा. शुशानिक ही आर्मेनियन सरदार वर्दान मामिकोन्यानची मुलगी, आणि वर्दान हा मश्तोत्सला पाठबळ देणाऱ्या साहाकचा नातू. म्हणजे आर्मेनियन लिपीच्या आश्रयदात्याची पणती जॉर्जियन साहित्याची पहिली नायिका झाली. नवऱ्याने ख्रिस्ती धर्म सोडून इराणचा धर्म धरला, तिने नकार दिला आणि वर्षानुवर्षे कैदेत राहून ती मेली. तिच्या त्सुर्तावी गावात पुढे दोन्ही भाषांत प्रार्थना चालत.

सातव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्जियन चर्चचा प्रमुख क्युरिओन याने त्सुर्तावीच्या आर्मेनियन बिशपाला काढून टाकले. ६०७-०९ च्या सुमारास दोन्ही चर्चमध्ये कायमची फूट पडली. त्यानंतर ‘लिपी कोणी दिली’ हा प्रश्न अक्षरांपुरता उरला नाही. ‘थोरला कोण’ हे त्यातूनच ठरू लागले.

कोर्युनच्या तिसऱ्या लिपीचे तर नावच तेवढे उरले होते. १९३७ मध्ये इलिया अबुलाद्झे यांना एका आर्मेनियन हस्तलिखितात अल्बेनियन वर्णमालेची ५२ अक्षरी यादी सापडली. पुढे अझरबैजानमध्ये मिंगाचेवीर येथे काही लहान लेख मिळाले. सलग मजकूर मात्र सापडला तो इजिप्तमध्ये. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठात १९७५ मध्ये आग लागली, त्यानंतर एक बुजलेली खोली उघडी पडली आणि तिच्यात विसरलेली हस्तलिखिते निघाली. त्यांतल्या जॉर्जियन चामडी पानांवर आधीचा मजकूर खरवडून नवा लिहिलेला होता. १९९६ मध्ये झाझा अलेक्सिद्झे यांनी ओळखले की खालची पुसट अक्षरे अल्बेनियन आहेत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ योस्त गिपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मजकूर वाचून २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात योहानाच्या शुभवर्तमानाचे भाग होते, आणि भाषा आज अझरबैजानच्या नीज गावात बोलल्या जाणाऱ्या उदीची पूर्वज निघाली. त्याच चामड्यांच्या काही पानांवर खाली आर्मेनियन मजकूरही आहे. कोर्युनने सांगितलेल्या तिन्ही लिप्या अशा एकाच गठ्ठ्यात मिळाल्या. तिसरी लिपी होती, हे त्याचे म्हणणे खरे ठरले. तिन्हींचा कर्ता एकच, हे मात्र या पानांवरून ठरत नाही.

बहुतेक अभ्यासक आज एवढ्यावर येऊन थांबतात: तिन्ही लिप्या चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पाचव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या, तिन्हींच्या मागे ग्रीक नमुना आणि बायबल वाचण्याची गरज. मश्तोत्सचा वाटा आर्मेनियनमध्ये निर्विवाद. बाकी दोघींत तो किती, यावर मते फाटतात. युनेस्कोच्या वारसा यादीत जॉर्जियन लिपीची तीन रूपे २०१६ मध्ये गेली आणि आर्मेनियन अक्षरकला २०१९ मध्ये, दोन देशांच्या दोन वेगळ्या अर्जांवर.