क्रीडा पिस्तूल, २५ मीटर : समान किमतीच्या बनावटींची तुलना

क्रीडा पिस्तूल, २५ मीटर : नेमबाजीच्या २५ मीटर स्पर्धांत वापरले जाणारे, .२२ लाँग रायफल जातीचे काडतूस झाडणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल. रेंजवर त्याला ‘पॉइंट टूटू’ किंवा नुसते ‘स्पोर्ट्स पिस्तूल’ म्हणतात. इटलीतील पार्डिनी, बेनेल्ली आणि मॅचगन्स, स्वित्झर्लंडमधील मोरिनी आणि मूळची तेथलीच हॅमर्ली, जर्मनीतील वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ ही या पिस्तुलाची ठळक नावे. त्यांच्या प्रमुख पिस्तुलांच्या किमती युरोपात साधारण दीड ते अडीच हजार युरोंच्या पट्ट्यात पडतात. म्हणजे किंमत पाहून निवड होत नाही, ती हात पाहून करावी लागते. ही नोंद त्या निवडीविषयी, पनवेलचा नवोदित नेमबाज डोळ्यासमोर ठेवून आहे.

पनवेलचा संबंध : सुमा शिरूर यांच्यामुळे पनवेलचे नाव भारतीय नेमबाजीत कायमचे जोडले गेले आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचलेल्या शिरूर यांनी त्याच वर्षी क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. त्यांनी पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. टोकियो पॅरालिंपिकची सुवर्णविजेती अवनी लेखरा त्यांचीच शिष्या, आणि २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार शिरूर यांना पॅरा नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठीच मिळाला. क्लबची ओळख रायफलची, पण पिस्तूल हाती घेणाऱ्या मुलांची वाटही १० मीटरच्या एअर पिस्तुलापासूनच सुरू होते. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, त्यामुळे तेथवरचा प्रवास पालकांना सोपा जातो. पॉइंट टूटूकडे वळले की परवाना, आयात आणि काडतुसांचा हिशोब सुरू होतो, सरावाला २५ मीटरची रेंज लागते आणि चुकीची खरेदी महागात पडते. राज्यात अशा सरावाच्या प्रमुख जागा म्हणजे वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल. पनवेलकरांना पहिली खाडी ओलांडून गाठावी लागते, दुसरी द्रुतगती मार्गाने.

नियमांची चौकट : या सर्व बनावटी एकमेकींसारख्या दिसतात याचे कारण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे, म्हणजे आयएसएसएफचे, नियम. पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १,४०० ग्रॅम, नळीची लांबी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. ट्रिगरने किमान १,००० ग्रॅमचे वजन पेलले पाहिजे, आणि ते स्पर्धेपूर्वी प्रत्यक्ष वजन टांगून तपासतात. २००५ पूर्वी पुरुषांच्या रॅपिड फायर स्पर्धेत .२२ शॉर्ट काडतुसाची, अत्यंत हलक्या ट्रिगरची वेगळी पिस्तुले चालत. नियम बदलले आणि ती पिस्तुले कपाटात गेली. तेव्हापासून महिलांची २५ मीटर पिस्तूल, पुरुषांची रॅपिड फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल या तिन्ही स्पर्धा एकाच जातीच्या हत्याराने खेळता येतात. उत्पादकांची स्पर्धा खरी तीव्र झाली ती यानंतर.

स्पर्धा कशी होते हे कळल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आली. पहिल्या टप्प्यात ३० गोळ्या, पाच-पाचच्या सहा मालिका, प्रत्येक मालिकेला पाच मिनिटे. लक्ष्याचे १० चे वर्तुळ ५० मिलिमीटरचे. दुसऱ्या टप्प्यात आणखी ३० गोळ्या, पण येथे हात ४५ अंशांखाली ठेवून उभे राहायचे, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी झाडायची, मग सात सेकंद विश्रांती. या टप्प्याचे १० चे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते. पिस्तुलाची परीक्षा या तीन सेकंदांत होते. हात वर येताना साइट आपोआप डोळ्यासमोर जुळून आली तर ते पिस्तूल आपले. मनगट वळवून साइट जुळवावी लागली, तर कितीही नामवंत बनावट असो, ती त्या हाताची नव्हे.

यंत्ररचना : सर्व बनावटींचे तत्त्व एकच. गोळी सुटताना वायूचा दाब रिकाम्या काडतुसाला मागे ढकलतो, काडतूस बोल्टला मागे लोटते, एक्स्ट्रॅक्टर रिकामी केस धरून ओढतो, इजेक्टर ती बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने परतणारा बोल्ट मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत सारतो. पुढची गोळी झाडायला ट्रिगर पुन्हा दाबावा लागतो, म्हणून पिस्तूल अर्धस्वयंचलित. पोलिसांच्या कमरेच्या पिस्तुलात वरचा सगळा स्लाइड मागेपुढे होतो. वॉल्थर जीएसपी किंवा पार्डिनीसारख्या क्रीडा पिस्तुलात बोल्ट आतल्या आत हलतो आणि साइट चौकटीवर पक्की बसलेली असते. नळीच्या अचूकतेबाबत या किमतीत फारसा फरक उरत नाही. यंत्रात पकडून तपासले तर यांतले प्रत्येक पिस्तूल १० च्या वर्तुळापेक्षा कितीतरी लहान गट देते. त्यामुळे ‘कोणते जास्त अचूक’ हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा आहे.

फरक जाणवतो तो धक्क्यात. नळीचा अक्ष हाताच्या जितका जवळ, तितके पिस्तुलाचे तोंड कमी उडते. बोल्टचे वजन, स्प्रिंगची ताकद, चौकटीत बसवलेली वजने, नळीच्या तोंडाशी वायू सोडणारी छिद्रे यांची जुळणी प्रत्येक उत्पादकाने वेगळी केली आहे. महिलांच्या स्पर्धेत गोळ्यांमध्ये सात सेकंद असतात, तेथे याचे महत्त्व मर्यादित. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये मात्र शेवटच्या मालिकांत चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात, तेथे धक्का हाच निर्णायक मुद्दा ठरतो.

बनावटी : पार्डिनी ही टस्कनीतल्या लिदो दि कामाइओरेची कंपनी, स्थापन करणारा जाम्पिएरो पार्डिनी स्वतः नेमबाज. तिचे एसपी हे मॉडेल जगभरच्या रेंजवर दिसते. यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही ट्रिगरांत ते मिळते, आणि ग्रिपचा कोन बदलण्याची सोय हा त्याचा मोठा गुण. उल्मच्या वॉल्थरचे जीएसपी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले. चौकोनी, काहीसे ओबडधोबड दिसणारे हे पिस्तूल टिकाऊपणात कोणाला हार जात नाही. त्याचा संपूर्ण ट्रिगर एका घटकासारखा बाहेर काढता येतो, आणि जोड बदलून त्यावर .३२ चे काडतूसही चालवता येते. एसएसपी हे नंतरचे मॉडेल. त्याचा नळीचा अक्ष खाली, धक्का सौम्य. फाइनवेर्कबाऊचे एडब्ल्यू ९३ ओबर्नडॉर्फला बनते, पण त्याची मूळ रचना रशियातील इझेव्स्कच्या इझ ३५ पिस्तुलाची आहे. रशियन आराखडा आणि जर्मन कारागिरी यांचा हा मेळ वजनाला थोडा भारी आणि चालीला गुळगुळीत असल्याचा लौकिक आहे. मोरिनीचे सीएम २२ एम हलके असते. त्या नावामागचा सेझारे मोरिनी पुढे पार्मा येथे मॅचगन्सकडे वळला. त्या कंपनीचे एमजी २ मांडणीत या सर्वांहून वेगळे. हॅमर्लीचे जुने २०८ आजही काही क्लबांच्या तिजोरीत सापडते. त्याचे मॅगझिन मुठीत असल्याने ग्रिप जाड, लहान हाताला अवघड. पण नवशिक्याने सरावायला इतके शांत पिस्तूल विरळाच.

ग्रिप : तुलनेत सर्वांत जास्त वेळ द्यावा तो येथे. वॉल्थर जीएसपी आणि पार्डिनीत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असते, त्यामुळे मूठ पूर्णपणे हातासाठी घडवता येते. ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची, डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. मापे युरोपीय हातांवरून ठरलेली आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला बहुतेकदा सर्वांत लहान मापही सैल होते. मग प्रशिक्षक वूड पुटी, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसतो. अंगठ्याखाली थोडी भर, मधल्या बोटाखालचा उंचवटा घासून कमी, तळहाताच्या टेकूचा स्क्रू फिरवून पक्का. पुटी वाळली की मुलीने डोळे मिटून हात उचलायचा, मग डोळे उघडून साइट कोठे आहे ते पाहायचे. पुढचा काटा मागच्या खाचेच्या डावीकडे दिसला तर पुन्हा कानस. या कामाला काही दिवसही लागतात, आणि किमतीतल्या फरकापेक्षा त्याने गुणांत जास्त भर पडते. ट्रिगरचे पाते पुढेमागे सरकते का, हेही येथेच पाहावे. बोटाचे पहिले पेर पात्यावर सरळ बसले नाही तर प्रत्येक गोळी बाजूला ओढली जाते.

ट्रिगर : यांत्रिक ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला सैल, दुसऱ्यावर बोट थांबते आणि मग सुटते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर दर वेळी अगदी सारखा सुटतो, पण तो बॅटरी आणि सर्किटवर अवलंबून. टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. २५ मीटरसाठी नवोदिताने यांत्रिक ट्रिगरच घ्यावा असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलाव्यात सर्किट जपण्यापेक्षा स्प्रिंग बदलणे सोपे. याच हवेत अक्रोडाची ग्रिप फुगते, बोल्टवर गंज चढतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि सरावानंतर तेलाचे हलके बोट हा येथे नित्यनेम असायला हवा.

काडतूस आणि अडकणे : ईली, आरडब्ल्यूएस, लापुआ, एसके ही प्रमुख काडतुसे. ईलीच्या टेनेक्सच्या गोळीचे टोक किंचित सपाट असते, काहींचे गोल. एखादे पिस्तूल एका काडतुसाला खूश, तर दुसऱ्याला अडकते. नियमानुसार ३० गोळ्यांच्या प्रत्येक टप्प्यात बिघाडाचा दावा एकदाच करता येतो. पिस्तूल अडकल्यास मोकळा हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत बोल्टला हात लावायचा नाही. हात लावला तर बिघाड अमान्य आणि न झाडलेल्या गोळ्या शून्य. म्हणून खरेदीपूर्वी जे काडतूस पुढे खरोखर मिळणार आहे त्याच्यासह पिस्तूल चालवून पाहावे. मॅगझिनचे ओठ वाकले तरी पिस्तूल अडकते, तेव्हा सुटी मॅगझिने, एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिन देशात कोणाकडे मिळते याची चौकशी आधी करावी.

परवाना आणि खरेदी : शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीतच ही खरेदी होते. पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येत असल्याने अर्ज तेथे जातो. आयुक्तालयाबाहेरच्या रायगडसाठी अलिबागचे जिल्हादंडाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आली, मात्र नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. त्या मिळण्यासाठी राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांतली कामगिरी पाहिली जाते. ही संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी मावळणकर स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते.

महाराष्ट्रातील कामगिरी : या पिस्तुलाने महाराष्ट्राला मोठे यश दिले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यद आणि राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल दुहेरीचे सुवर्ण घेतले. वैयक्तिक सुवर्ण अनिसाचे, रौप्य राहीचे. कोल्हापूरच्या राहीने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण मिळवले, पुढच्या वर्षी ग्लासगोत राष्ट्रकुल सुवर्ण, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नफसवान यांगपाइबूनशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये बाजी मारली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या काळात तिला मार्गदर्शन करणाऱ्या मुंखबायर दोर्जसुरेन यांनी याच स्पर्धाप्रकारात दोन वेगवेगळ्या देशांसाठी ऑलिंपिक कांस्य मिळवले होते, १९९२ साली मंगोलियासाठी आणि २००८ साली जर्मनीसाठी.

निवड : लहान किंवा मध्यम हाताच्या नवोदिताला, ग्रिपचा कोन बदलता येतो म्हणून, यांत्रिक ट्रिगरचे पार्डिनी एसपी सर्वांत सुरक्षित. .३२ च्या सेंटर फायर स्पर्धेतही उतरायचे असेल तर वॉल्थर जीएसपी. मोठा हात आणि भक्कम खांदा असेल तर एडब्ल्यू ९३. पण पहिले वर्ष-दोन वर्षे क्लबचे पिस्तूल वापरावे, निदान तीन बनावटींवर हात बसवून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत. पालकांनी दुकानात किंवा आयातदाराकडे जाताना मुलाला आणि प्रशिक्षकाला बरोबर न्यावे.