गोल्डस्टोनच्या पायऱ्यांवरून

फोन घरीच ठेवून या. तुम्हाला 1995 सालच्या जुलैत उतरायचं आहे आणि तिथे गावाची बातमी संध्याकाळच्या पेपरातूनच कळते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनला खेटून वसलेलं होव्ह. पेपरच्या दुकानाबाहेर 'ईव्हनिंग आर्गस' उघडून माणसं जागच्या जागी उभी आहेत. तुम्हीही एक अंक घ्या. ब्रायटन अँड होव्ह अल्बियन क्लबचं गोल्डस्टोन मैदान बिल्डरच्या घशात जाणार आहे. नवं मैदान कुठे? ठरलेलं नाही. तोवर क्लबने पोर्ट्समथला, दुसऱ्याच्या दारात जाऊन खेळायचं.

या मैदानावर अल्बियन 1902 पासून खेळतोय. आज पेपर हातात घेऊन उभ्या असलेल्यांच्या आज्यांनीही याच पायऱ्यांवर पाय रोवले होते. देवस्थानाची जमीन विश्वस्तांनी परस्पर विकावी आणि गावाला ते पेपरात वाचायला मिळावं, तशी ही गोष्ट झाली. संचालक मंडळ सांगतं, कर्ज फार आहे, इलाज नाही. कर्ज आहे हे खरंच. पण कर्ज फेडून क्लब राहणार कुठे, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि अविश्वासाची पहिली ठिणगी इथे पडते.

थोडे पुढे सरका. चाहत्यांपैकीच एक हिशेबनीस कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयातून क्लबची कागदपत्रं काढतो. क्लबच्या नियमावलीत एक जुनं कलम होतं: क्लब गुंडाळला तरी उरलेली मालमत्ता भागधारकांच्या खिशात जाणार नाही. नव्या मालकांच्या काळात ते कलम गायब झालेलं आहे. बोभाटा झाल्यावर ते परत घातलं जातं, पण एकदा पुसलं गेलेलं कलम लोक विसरत नाहीत. त्यात आणखी एक आकडा तोंडोतोंडी फिरू लागतो. अध्यक्ष बिल आर्चर यांच्याकडे क्लबची बहुमताची मालकी आली ती अवघ्या 56 पौंड 25 पेन्सना. आणि मैदानाची किंमत लाखो पौंडांत.

आता 27 एप्रिल 1996. पूर्वेकडच्या उघड्या पायऱ्यांवर उभे राहा. वर छप्पर नाही, समुद्रावरचा वारा थेट अंगावर येतो. हा गोल्डस्टोनवरचा शेवटचा सामना, अशीच सगळ्यांची समजूत आहे. समोर यॉर्क सिटीचा संघ आहे, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. 'सॅक द बोर्ड!', म्हणजे 'मंडळ हटवा!', चारही बाजूंनी एकच घोष चालला आहे. सोळाव्या मिनिटाला माणसं कठडे ओलांडून मैदानात उतरतात. दोन्हीकडचे गोलपोस्ट मोडले जातात आणि सामना तिथेच थांबतो. तुमच्या शेजारचे वयस्क गृहस्थ खाली उतरलेले नाहीत. ते म्हणतात, "आयुष्यात कधी असं वागलो नाही आम्ही. पण सांगून कुणी ऐकलंच नाही." त्या दिवशीची मोडतोड समर्थनीय नव्हती. पण तिच्या आधी पत्रं होती, सभा होत्या, शांत मोर्चे होते, आणि त्यांना उत्तर मिळालं नव्हतं.

त्यानंतर मैदान आणखी एका वर्षासाठी भाड्याने मिळतं. स्वतःच्या घरात भाडेकरू होऊन राहायची वेळ. संघ तोवर चौथ्या श्रेणीत घसरलेला आहे. ही फुटबॉल लीगची तळाची श्रेणी. इथला शेवटचा क्रमांक म्हणजे थेट लीगबाहेर.

1996 चा ऑक्टोबर. आर्चर राहतात दूर उत्तरेत, लँकेशरला. त्यामुळे रोष ओढवून घ्यायला समोर असतात ते मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड बेलॉटी. हे एकेकाळी ईस्टबर्नचे खासदार. ते संचालकांच्या कक्षात दिसले की चेंडू सोडून सगळ्या माना तिकडे वळतात. अनेकदा त्यांना सामना अर्धवट टाकून निघावं लागतं. लिंकनविरुद्धच्या सामन्यात लोक पुन्हा मैदानात घुसतात आणि शिक्षा म्हणून संघाचे दोन गुण कापले जातात. हा आकडा लक्षात ठेवा. संतापाची किंमत संचालकांनी नाही, संघाने मोजली. डिसेंबरात अल्बियन तळाला आहे, वरच्या संघापासून दहाहून अधिक गुण मागे. प्रशिक्षक जिमी केस जातात, त्यांच्या जागी स्टीव्ह ग्रिट येतात.

इथे तुम्हाला एक बदल जाणवेल. मोडलेल्या गोलपोस्टमधून काही हाती लागलं नाही, हे लोकांना कळून चुकलंय. गळे तेवढेच बसलेले आहेत, पण आता कामं वाटून घेतली जातात. कुणी कागद चाळतं, कुणी खासदारांना आणि नगरसेवकांना गाठतं, कुणी फुटबॉल असोसिएशनचं दार ठोठावतं. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले डिक नाइट हे जुने चाहते क्लब ताब्यात घ्यायला माणसं आणि पैसा जमवतायत. 'हे मंडळ नको' याच्या पुढे 'मग कोण?' या प्रश्नाला पहिल्यांदाच नाव मिळालं आहे. माझ्या मते अल्बियन वाचला तो या वळणावर.

8 फेब्रुवारी 1997 ला लवकर या, जागा मिळणार नाही. आज हार्टलपूलशी सामना आहे आणि देशभरातल्या क्लबांचे चाहते अल्बियनच्या पाठीशी उभे राहायला आपापल्या जर्सी घालून गोल्डस्टोनवर आले आहेत. लाल, पिवळे, हिरवे, काळे-पांढरे. अल्बियनच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गर्दीत क्रिस्टल पॅलेसचे लोकही दिसतात. हे यांचे कट्टर वैरी, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे. त्यांना ठाऊक आहे की एका क्लबची जमीन अशी जाऊ शकते, तर कुणाचीही जाऊ शकते. अल्बियन 5-0 ने जिंकतो. या हंगामात आपल्या घरच्या मैदानावर संघ एवढा उजळलेला कुणी पाहिलेला नाही.

26 एप्रिल, डॉनकास्टर. हा मात्र गोल्डस्टोनवरचा खरोखरच शेवटचा सामना. स्टुअर्ट स्टोरर गोल करतो, 1-0. शिट्टी वाजल्यावर लोक मैदानात उतरतात, पण यावेळी आठवण नेण्यासाठी. कुणी हिरवळीचा तुकडा कापून घेतं, कुणी खुर्ची खांद्यावर टाकतं. पुढे या जागेवर दुकानं उभी राहतील, त्यांत खेळण्यांचं एक भलंमोठं दुकानही असेल.

आठवड्याने, 3 मे रोजी, हेरेफर्डला या. नियतीने गाठ अशी घातली आहे की अल्बियन आणि हेरेफर्ड या दोन संघांतला जो हरेल तो लीगबाहेर. अल्बियनला बरोबरी पुरते. निकाल तुम्हाला माहीत असेल, पण शेजाऱ्याला सांगू नका, त्याचा तुमच्यावर विश्वास बसणार नाही. पूर्वार्धात अल्बियनच्याच तरुण केरी मेयोकडून स्वतःच्या जाळ्यात गोल जातो. उत्तरार्धात बदली खेळाडू रॉबी राइनेल्ट उसळून आलेला चेंडू जाळ्यात धाडतो. 1-1. दोन्ही संघांचे 47 गुण, आणि हंगामात जास्त गोल केले म्हणून अल्बियन तगतो. लिंकनच्या सामन्यापायी कापलेले ते दोन गुण शाबूत असते तर या बरोबरीनंतर गोल मोजायची वेळच आली नसती. समोरच्या बाजूला हेरेफर्डचे लोक रडतायत. त्यांचा यात काहीही दोष नव्हता, हेही पाहून ठेवा.

पुढची वर्षं भरभर ओलांडू या. 1997 मध्येच क्लबची सूत्रं नाइट यांच्याकडे येतात. दोन हंगाम दूर जिलिंगमच्या मैदानावर जातात. मग 1999 पासून विदडीनच्या अ‍ॅथलेटिक्सच्या मैदानात, तात्पुरत्या बाकांवर, पावसात भिजत बारा वर्षं. ब्रायटनजवळच्या फामरला क्लबचं स्वतःचं स्टेडियम व्हावं म्हणून हेच चाहते सह्या गोळा करतात, मंत्र्यांना पत्रं धाडतात, गाणं काढतात. 2011 मध्ये फामरचं स्टेडियम उघडतं आणि 2017 मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये पोचतो.

संचालकांवर संशय घेणाऱ्या चाहत्याला नेहमी ऐकवलं जातं: तुम्ही खेळ बघा, कारभार आमच्यावर सोडा. गोल्डस्टोनच्या लोकांनी कारभार सोडला असता तर बघायला खेळ उरला नसता. मात्र नुसता अविश्वासही क्लब वाचवत नाही, तो दोन गुण घालवू शकतो. त्याला कागद वाचायची चिकाटी लागते, वैऱ्यालाही हाक मारायचं मोठेपण लागतं आणि जबाबदारी घेणारी पर्यायी माणसं लागतात. म्हणून तुमचा क्लब जिंकत असतानाच विचारून घ्या: मैदान कुणाच्या नावावर आहे, ते विकायचं कोण ठरवतं, आणि आलेला पैसा कुठे जातो. हंगाम बिघडल्यावर या प्रश्नांची उत्तरं फार महाग पडतात.